खिडकीची फळी रुंद करताना

भाऊ, मांजराला बसता यावं आणि कुंड्याही राहाव्यात म्हणून खिडकीची फळी रुंद करायची म्हणता, तर खिडकीतला कडप्पाच पुढे वाढवायचा विचार सोडा. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पश्चिमेच्या खिडकीतला काळा दगड तव्यासारखा तापतो, मांजराचे पाय पोळतात. त्याऐवजी पुढच्या फळीला १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि कडा रंगवून बंद करा. माझी पहिली फळी कडेनेच पाणी पिऊन फुगली. ब्रॅकेट भिंतीत प्लग ठोकून बसवा, चौकटीला नको. ते फळीच्या निम्म्याहून पुढे यायला हवेत, कारण मांजर उडी मारतं ते नेमकं बाहेरच्या कडेवर. ओल्या मातीच्या जड कुंड्या आत, कडप्प्यावरच राहू द्या. मनीप्लांट नकोच, पान चावलं की मांजराच्या तोंडाची आग होते. लिली तर जिवावर बेतते. स्पायडर प्लांट बिनधास्त लावा.