कुंडीतला अनंत पिवळा का पडतो आणि कळ्या का गाळतो?

तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. तुम्ही लिहिलंय: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी, बारा इंची सिमेंटची कुंडी. पावसाळ्यात अनंत हिरवागार असतो, दिवाळीनंतर कोवळी पानं पिवळी पडू लागतात आणि आता फेब्रुवारीत कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या की गळतात. एप्सम सॉल्ट, केळीच्या सालींचं पाणी, अंड्याची टरफलं, सगळं घालून झालंय. मग पावसाळ्यात झाडाला असं काय मिळतं, जे नंतर मिळत नाही? पावसाचं पाणी. एरवी तुम्ही सोसायटीचं बोअरचं पाणी घालता, आणि माझ्या मते सगळं दुखणं त्या पाण्यात आहे. तुमचं झाड उपाशी नाही.

आधी एक पान तोडून उजेडासमोर धरा. शेंड्याकडचं कोवळं पान पिवळं आणि त्यातल्या शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसणाऱ्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे नत्र (नायट्रोजन) किंवा मॅग्नेशियम कमी असतं, आणि एप्सम सॉल्टचा उपयोग फक्त मॅग्नेशियमसाठी होतो. अधूनमधून एखादं जुनं पान पिवळं होऊन गळणं तर चालायचंच.

अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण 5 ते 6. कोकण-गोव्यात जांभ्याची माती मुळातच तशी, वर धो धो पाऊस चुना धुऊन नेतो. म्हणून तिकडे अंगणात, विहिरीच्या कडेला अनंत कुणी लक्ष न देताही फुलतो. देशावर काळी माती चुनखडीची आणि बोअरचं पाणी जड. ते रोज घातलं की त्यातले कॅल्शियमचे क्षार कुंडीत साठत जातात, मातीचा सामू साडेसातच्या वर चढतो. लोह मातीत असतं, पण अशा मातीत ते विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही. थंडीत माती गार पडली की मुळांचं काम आणखी मंदावतं, म्हणून पिवळेपणा डिसेंबर-जानेवारीत जास्त दिसतो.

कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर आलाय का बघा. आणखी खात्री हवी असेल तर चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर मातीत चुना आहे. सिमेंटची कुंडी नवी असेल तर तीही चुना सोडते. अंड्याची टरफलं आजच बंद करा, आणि कुणी राख घालायला सांगितली तर तीही नको. गुलाबाला, टोमॅटोला चालणारे हे उपाय अनंताला उलटे पडतात. बोनमील म्हणजे हाडांचा चुराही नको, स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की लोह आणखी अडतं. आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची चांगल्या मनाची सवय हल्ली घरोघरी आहे. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात, तेव्हा ते फरशी पुसायला वापरा, अनंताला नको.

आता लगेच काय करायचं ते सांगते. शेतीच्या दुकानात चिलेटेड लोह मिळतं, म्हणजे झाडाला घेता येईल अशा विरघळणाऱ्या रूपातलं लोह. त्यातला ईडीटीए प्रकार पानांवर फवारायचा, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. मातीत घालायचं असेल तर ईडीडीएचए प्रकार मागा. थोडा महाग असतो, पण चुन्याच्या मातीतही टिकतो. ईडीटीए तिथे लवकर निकामी होतं. एक ग्रॅम लिटरभर पाण्यात ढवळलं की पाणी गडद लाल होतं. ते ओल्या मातीत ओता आणि बाल्कनीच्या फरशीवर सांडू देऊ नका, डाग पडतो. दोन-तीन आठवड्यांत नवी पानं हिरवी येऊ लागतील. जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी झाली नाहीत तरी काळजी करू नका, आणि घाईने तोडूही नका.

पण पाणी तेच राहिलं तर हा खर्च दर वर्षी आहेच. नळाचं धरणाचं पाणी येत असेल तर अनंतासाठी तेवढं वेगळं भरून ठेवा. बोअरशिवाय पर्याय नसेल तर दहा लिटरच्या बादलीत अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्त्व विरघळवा आणि सामूच्या पट्टीने तपासा. सहाच्या आसपास आलं की पुरे, त्याखाली नको. दर सोसायटीचं पाणी वेगळं, म्हणून पट्टी हवीच. ताक घालायला बरेच जण सांगतात. त्याने फारसा फरक पडत नाही आणि मुंग्या मात्र येतात. खत म्हणून महिन्यातून एकदा अर्धा चमचा अमोनियम सल्फेट ओल्या मातीत द्या, ते मातीला हळूहळू आम्लाकडे नेतं.

कळ्या गळण्याला मात्र एकच कारण नसतं. अनंताच्या कळ्या थंड रात्रींत धरतात आणि पुढे कोरडी हवा, तापलेल्या रात्री किंवा पाण्याची ओढाताण झाली की झाड त्या सोडून देतं. एक दिवस माती भेगाळलेली, दुसऱ्या दिवशी चिखल, हे त्याला अजिबात सोसत नाही. वरची बोटाच्या पेराएवढी माती सुकली की पाणी द्या आणि वर वाळक्या पानांचा जाड थर ठेवा. कळ्या असताना कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही. सकाळचं चार-पाच तास ऊन त्याला उत्तम, त्यामुळे तुमची जागा छान आहे. पांढऱ्या कागदावर कळी झटकून बघा. बारीक काड्यांसारखे किडे वळवळताना दिसले तर ते फुलकिडे. पानं काळी-चिकट असतील तर पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी शोधा. दोन्हीला कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून फवारा. पावसाळ्यात शेपटीवर शिंग असलेली जाड हिरवी अळी दिसली तर हाताने काढा. दोन रात्रींत फांदी बोडकी करते. तिचा पतंग काचेसारख्या पारदर्शक पंखांचा असतो आणि भर दिवसा भुंग्यासारखा फुलांवर घोंघावतो. फार देखणा! तो दिसला तर मारू नका.

एक शंका मनात आली म्हणून लिहिते. झाड अनंताचंच आहे ना? नर्सरीत डबल तगर कधीकधी अनंत म्हणून विकली जाते. पान तोडल्यावर देठातून पांढरा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो, पान जाड, चकचकीत असतं, आणि फुलाचा वास खोलीभर पसरतो. फूल दोन दिवसांत पिवळसर होतं तो रोग नाही, अनंताचं फूल तसंच उतरतं.

कुंडी आत्ताच बदलू का, असं विचारलंय. नको, कळ्या आहेत. बहर संपून पाऊस लागला की मातीच्या कुंडीत हलवा. निम्मी लाल माती, बाकी कोकोपीट, जुनं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत, तळाशी पाणी निघायला मोकळी वाट. छाटणीही तेव्हाच, ऑगस्ट संपायच्या आत. उशिरा छाटलं तर पुढच्या कळ्यांचे शेंडेच कापले जातात.

चिपळूणला तुमच्या आईंकडे न्यायला रोप हवं असेल तर त्याच पावसात गुटी बांधा. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची बोटाच्या रुंदीची साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, ओलं शेवाळ लावून प्लास्टिकने घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की खालून कापून पिशवीत लावा आणि नवी पालवी येईपर्यंत सावलीत ठेवा.