नवीन आयडिया सुचत नसतील तर आधी प्रश्न विचारायला शिक

अगं, "काहीतरी नवीन सुचायला पाहिजे" असं म्हणून कोरा कागद घेऊन बसलीस तर तासभर काहीच सुचणार नाही, माझंही तेच व्हायचं. स्कॅम्पर करून बघ, म्हणजे सात ठरलेले प्रश्न एकेक करून विचारायचे. अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न या जाहिरातवाल्याच्या प्रश्नांवरनं बॉब एबर्लेने १९७१ मध्ये ते सुटसुटीत केलं. बदली काय वापरू, कशात मिसळू, दुसरीकडचं काय उचलू, मोठं-छोटं करू का, आणखी कशाला वापरता येईल, काय काढून टाकू, उलटं केलं तर, एवढंच.

पण प्रश्न नेमक्या वस्तूला विचारायचे हां, "माझा बिझनेस" असलं मोघम नको. मी डबे द्यायचे तेव्हा "काय काढून टाकू" वर अडकले होते, मग परत आलेले डबे उघडून बघितले तर निम्म्यांत भात तसाच, गार गोळा झालेला! भात काढला, एक पोळी आणि कोशिंबीर वाढवली, तोच डबा लोक मागून घ्यायला लागले.

एका प्रश्नाला पाच मिनिटं दे, सुचेल ते खुळचट वाटलं तरी लिही, तेव्हाच खोडत बसू नकोस प्लीज, निवडायचं काम दुसऱ्या दिवशी.