टोमॅटो लाल होण्याआधीच खारी कुरतडतात, काय उपाय करावा?

टोमॅटोला रंग चढू लागला की खारी ते अर्धवट खाऊन टाकून देतात आणि तिखटाचे पाणी फवारूनही फरक पडत नाही, अशी तुमची तक्रार आहे. तीन हंगाम हाच त्रास सोसल्यावर माझे मत असे झाले आहे की, खारीला हुसकावण्याच्या खटपटीपेक्षा फळ तिच्या आधी आपल्या हाती कसे येईल, हे पाहावे.

प्रथम चोर खारच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. खार दिवसाउजेडी वावरते. त्यामुळे संध्याकाळी शाबूत असलेले फळ उजाडण्यापूर्वीच कुरतडलेले दिसले, तर तो बहुधा उंदराचा उद्योग समजावा. फळ पोखरणाऱ्या अळीचे छिद्र गोल असते आणि आत तिची विष्ठा सापडते. खारीने खाल्लेल्या फळाच्या कडेला मात्र दातांचे चरे दिसतात. माझ्याकडची खार तर दोन घास खाऊन उरलेला टोमॅटो कठड्यावर ठेवून जात असे, जणू मला दाखवायलाच.

मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय फुकटचा आहे: फळ झाडावर लालबुंद होण्याची वाट पाहणे मी सोडून दिले. पूर्ण वाढलेल्या टोमॅटोचा हिरवा रंग फिकट होतो आणि तळाशी, म्हणजे देठाच्या विरुद्ध बाजूला, गुलाबीसर छटा उमटते. तोपर्यंत फळात इथिलीन वायू तयार होऊ लागलेला असतो, म्हणून तोडल्यानंतरही ते घरात व्यवस्थित पिकते आणि चवीत मला तरी फारसा फरक जाणवलेला नाही. साधारण २० अंश सेल्सिअसला, उन्हापासून दूर, एकाच थरात ठेवावे. कच्चे फळ फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नये, कारण थंडीने पिकणे अडते आणि चव मरते.

झाडावरच पिकवायचे असेल, तर तारेच्या जाळीला पर्याय नाही. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे कुरतडणे ही तिची गरजच असते आणि नायलॉनची जाळी ती सहज तोडते. शिवाय सैल जाळीत पक्षी व साप अडकतात. साधारण १२ मिलिमीटर चौकोनांच्या गॅल्व्हनाइज्ड जाळीचा पिंजरा करून त्याची खालची कड मातीत १५ सेंटिमीटर पुरावी. वरून झाकण हवेच. माझ्या पहिल्या पिंजऱ्याला ते नव्हते आणि खार शेजारच्या फांदीवरून थेट आत उतरली. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे पिंजऱ्याने फळधारणेचे नुकसान होत नाही. फुलांचे घोस अधूनमधून हलक्या हाताने हलवले म्हणजे झाले.

तिखट खारीला झोंबते, हे खरे. पण पावसाने ते धुऊन जाते आणि दर चार दिवसांनी फवारत बसण्याचा मला कंटाळा आला. उन्हाळ्यात झाडांपासून दूर पाण्याचे भांडे ठेवल्यावर कुरतडणे थोडे कमी झाले, थांबले नाही. विषाच्या वाटेला जाऊ नये. ते मांजर किंवा घुबडाच्या पोटात जाऊ शकते, आणि एक खार गेली की तिच्या जागी दुसरी येतेच.

कुरतडलेल्या फळाचा उरलेला भाग कापून खाण्याचा मोह टाळावा. तो कंपोस्टमध्ये जाऊ द्यावा, पण झाकणाच्या डब्यात. उघड्या ढिगावर टाकला, तर खार तिथेच पंगतीला बसते.