गेटच्या रांगेत सांडलेली कॉफी: दाद कुणाकडे मागायची?

टर्मिनलमध्ये कॉफी घेऊन तुम्ही बोर्डिंगच्या रांगेत लागलात. गेटवर पास स्कॅन झाला, तेवढ्यात कर्मचाऱ्याने सगळ्यांना घाईघाईने भिंतीकडे सरकवलं. मागच्या प्रवाशाची बॅग तुमच्या कोपराला लागली, कपाचं झाकण निसटलं आणि कढत कॉफी मांडीवर सांडली. फोड आले, दोन आठवडे ड्रेसिंग चाललं. विमान कंपनी म्हणते, घटना विमानात घडलेली नाही. कॉफीवाला म्हणतो, झाकण नीट लावून दिलं होतं. आता कुणाला धरायचं, असं तुम्ही विचारलंय.

कंपनीचं उत्तर मुळीच मान्य करू नका. तुमचा प्रवास आंतरराष्ट्रीय होता आणि तुम्ही कळवल्याप्रमाणे दोन्ही देश १९९९च्या मॉन्ट्रियल करारात, म्हणजे विमान प्रवाशांच्या भरपाईबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत. त्याच्या कलम १७ मध्ये विमानातल्या अपघाताबरोबरच विमानात चढता-उतरतानाचा अपघातही येतो. हे 'चढणं' कुठून सुरू होतं, यावरच तुमचं प्रकरण उभं आहे. कॉफीच्या काउंटरपाशी ते नक्कीच सुरू होत नाही, तिथे तुम्ही मोकळे होतात. १९७३ साली अथेन्सच्या विमानतळावर रांगेतल्या प्रवाशांवर हल्ला झाला होता. त्यावरून विमान कंपनीवर झालेल्या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने १९७५ मध्ये प्रवासी काय करत होते, कुणाच्या ताब्यात होते आणि कुठे होते हे पाहिलं आणि ते टर्मिनलमध्येच असूनही त्यांना कराराचं संरक्षण दिलं. तुमचा पास स्कॅन झाला होता आणि रांग कंपनीचा माणूस हलवत होता. माझ्या मते तुमची बाजू भक्कम आहे.

कॉफी सांडण्याचा उड्डाणाच्या धोक्याशी काय संबंध, असंही कंपनी म्हणेल. मायोर्काहून व्हिएन्नाला जाणाऱ्या विमानात वडिलांची कॉफी कलंडून एक लहान मुलगी भाजली होती. तो धोका विमानोड्डाणाचाच असायला हवा असं नाही, असं युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. ती कॉफी विमानात दिलेली होती, तुमची बाहेरची, त्यामुळे या निकालाचा आधार तेवढ्याच मुद्द्यापुरता घ्या.

कच्चा दुवा आहे तो याच कराराच्या कलम २० चा. तुमचाही निष्काळजीपणा होता हे कंपनीने सिद्ध केलं, तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. म्हणून कुणी सरकायला सांगितलं, दुसऱ्या हातात काय होतं, झाकण आधीच सैल वाटलं होतं का, हे आजच, आठवतंय तोवर, खरंखरं लिहून ठेवा. झाकण सैल असेल तर कॉफीवाल्यावर त्या देशाच्या कायद्याखाली वेगळा दावा होतो आणि त्याची मुदतही वेगळी असते.

दुखापतीच्या भरपाईत १,५१,८८० एसडीआरपर्यंत (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) कंपनीला 'आमची चूक नव्हती' एवढं म्हणून सुटता येत नाही (ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासूनची). मात्र मिळतं ते झालेल्या नुकसानाचं. धडा शिकवण्यासाठीची जादा रक्कम या करारात नाही. दावा विमान पोहोचल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायालयात दाखल व्हायला हवा. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती मुदत थांबत नाही, आणि इथेच अनेक प्रवासी हकनाक हरतात.

सगळ्यात आधी विमानतळ चालवणाऱ्यांना आणि कंपनीला तारीख, वेळ, गेट क्रमांक लिहून सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवायला लेखी कळवा. ते ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. डॉक्टरांचे कागद, जखमेचे फोटो, बोर्डिंग पास, कॉफीची पावती एकत्र ठेवा. आणि कंपनीने देऊ केलेल्या व्हाउचरसोबत 'यापुढे तक्रार नाही' असा कागद आला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.