वाचकांचे प्रश्न : घरच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमसाठी मिक्सर आणि ॲम्प्लिफायर

प्रश्न : मी ब्रह्मपुरी तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि मंडईचा हंगाम सुरू झाला की झाडीपट्टीच्या नाटकांत ऑक्टापॅड वाजवतो. घरी सरावासाठी यंदा इलेक्ट्रॉनिक ड्रमचा संच घेतला आहे. हेडफोनवर आवाज उत्तम येतो, परंतु हार्मोनियमवर काका आणि गायला बहीण बसली की त्यांना माझे वाजवणे ऐकू येत नाही. भजनी मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर व भोंगा, तसेच मित्राचा गिटार ॲम्प मागितल्यास मिळेल. त्यावर भागेल का? नवीन घ्यायचे तर मिक्सर कोणता आणि ॲम्प्लिफायर किती वॅटचा घ्यावा? घरावर पत्रे आहेत आणि वीज वारंवार जाते.

उत्तर : आपण मिक्सर आधी विचारला आहे, परंतु मी स्पीकरपासून सुरुवात करतो, कारण आपल्या पैशांचा मोठा वाटा तिथेच जायला हवा. किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, धक्का साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान असतो, तर झांजेची सळसळ १०,००० हर्ट्झच्याही वर जाते. हा सगळा पल्ला एकाच वेळी स्वच्छ वाजवणे हे स्पीकरसाठी अवघड काम आहे. भोंगा माणसाचे बोलणे दूरवर पोचवण्यासाठी घडवलेला असतो, त्यामुळे त्यातून किक रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखी ऐकू येते. गिटार ॲम्पचा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने उणा पडतो आणि झांजा गोणपाटाखाली झाकल्यासारख्या वाटतात. शिवाय जोराच्या किकने त्याचा कागदी कोन फाटू शकतो. एका सरावात माझ्या हातून असा एक कोन गेला आहे, म्हणून मित्राची वस्तू या कामाला लावू नका, असे मी आग्रहाने सांगतो.

आपल्याला हवा तो आतच ॲम्प्लिफायर असलेला, १० किंवा १२ इंची वूफर (खर्जाचा स्पीकर) आणि वेगळा ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचा स्पीकर) असलेला पॉवर्ड स्पीकर. वेगळा ॲम्प्लिफायर घेऊन ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या ओहमचा (विजेच्या रोधाचा) मेळ बसवत राहण्याची घरच्या सरावाला काहीच गरज नाही. वॅटच्या आकड्याला फार भुलू नका, आणि खोक्यावर पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवून सांगितलेली क्षणिक शक्ती) लिहिलेले असेल तर तो आकडा विचारातच घेऊ नका. शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, म्हणजे १०० वॅट आणि २०० वॅट यांतला फरक कानाला थोडाच जाणवतो. मात्र ड्रमचा प्रत्येक ठोका क्षणभर सरासरीच्या कितीतरी वर उसळतो, आणि १० डेसिबलची उसळी पेलायला दहापट शक्ती लागते. म्हणून खोलीपुरते वाजवायचे असले तरी सलग १०० ते २०० वॅट देणारा स्पीकर घ्यावा आणि तो अर्ध्यावर चालवावा. नागपूरला खरेदीला जाल तेव्हा मॉड्यूल (पॅडवरच्या ठोक्यांचा आवाज तयार करणारा ड्रमचा डबा), किकचा पॅड, पेडल आणि झांजेचा एक पॅड पिशवीत घालून न्या. दुकानात किक आणि झांज एकदम मारून पाहा. किकबरोबर झांज क्षणभर दबत असेल, तर तो स्पीकर आपल्या कामाचा नाही.

आता मिक्सर. तुम्ही एकटेच वाजवणार असता तर त्याची गरजच नव्हती. तुमच्याकडे गाण्याचा माईक, हार्मोनियमचा माईक, ड्रम आणि मोबाईलवरचे गाणे असे चौघे आहेत, तेव्हा दोन माईकच्या आणि दोन स्टिरिओ लाइनच्या (मॉड्यूल, मोबाईल अशा उपकरणांचा आवाज घेणाऱ्या) जागा असलेला लहान मिक्सर पुरेसा आहे. मॉड्यूल नेहमी लाइनच्या जागीच जोडा, कारण माईकच्या जागी त्याचा आवाज फाटतो. स्पीकर एकच असेल तर मॉड्यूलच्या फक्त एल/मोनो जॅकमधून केबल काढा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र मिळतो. ब्लूटूथने स्पीकर जोडण्याचा मोह टाळा. काठी पडल्यावर आवाज येईपर्यंत जो उशीर होतो, त्याने हाताची लय बिघडते.

पत्र्यांचे म्हणाल, तर स्पीकर कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो आणि पत्रे झणझणतात. तो स्टुलावर, भिंतीपासून दूर आणि माईकांच्या पुढच्या बाजूला ठेवा, म्हणजे शिट्टीही कमी वाजेल.

विजेची काळजी मला सर्वांत जास्त वाटते. मॉड्यूल, मिक्सर आणि स्पीकर एकाच बोर्डावरून चालवा. घुमल्यासारखा आवाज येत असला तरी तीन पिनांतली अर्थिंगची पिन कधीही काढू नका. त्याऐवजी बोर्डाचे अर्थिंग तपासून घ्या. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर भुणभुण येऊ शकते, तेव्हा वीज नसताना हेडफोनवर सराव केलेला बरा. लाइट जाताच स्पीकरचा स्विच आधी बंद करा. ती परत आली की प्रथम मॉड्यूल व मिक्सर सुरू करा आणि स्पीकर सर्वांत शेवटी, नाहीतर विजेबरोबर येणारा ‘धप्प’ थेट नव्या स्पीकरच्या कोनावर बसेल.