बटाट्यांपासून लहान मुलांसाठी काय काय करता येईल?

मुलगी पाच वर्षांची, मुलगा नऊचा, सुट्टी लागलीय आणि घरात बटाटे भरपूर, असं तुम्ही लिहिलंय. मग बाजारातून काही आणायची गरजच नाही. फक्त एक करा: बटाटा मुलांच्या हातात द्या, सुरी तुमच्या हातात राहू द्या.

धाकटीसाठी बाहुला. अख्ख्या बटाट्याला लवंगांचे डोळे, गाजराचं नाक, कोथिंबिरीचे केस, टूथपिकचे हातपाय. अमेरिकेतला प्रसिद्ध 'मिस्टर पोटॅटो हेड' मुळात असाच होता. १९५२ साली हॅसब्रो कंपनीने तो विकायला काढला तेव्हा डब्यात नुसते डोळे, कान, नाक, टोपी असे सुटे भाग यायचे. बटाटा घरचाच घ्यायचा. प्लास्टिकचं धड १९६४ मध्ये आलं. मला तो पहिला प्रकारच जास्त आवडतो, कारण प्रत्येक बटाट्याचा चेहरा वेगळा निघतो.

ठसे तर दोघांनाही जमतील. बटाटा अर्धा कापा, कापलेल्या बाजूवर आकार कोरून द्या आणि ती बाजू फडक्याने कोरडी करा. हे विसरू नका, ओल्या बटाट्यावर रंग धरत नाही. मुलाला त्याच्या नावाचं पहिलं अक्षर हवं असेल तर ते उलटं का कोरायचं, हे त्यालाच शोधू द्या.

पण माझा सगळ्यात लाडका बेत म्हणजे कीस. चार-पाच मोठे बटाटे सोलून किसा आणि कीस भरपूर पाण्यात चोळून धुवा. कीस पिळून बाजूला काढा, ते गढूळ पाणी मात्र टाकू नका. पंधरा-वीस मिनिटांत तळाशी पांढराशुभ्र थर बसतो. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून दिलं की उरतो बटाट्याचा स्टार्च. त्यावर बोट जोरात दाबलं तर तो घट्ट लागतो, मुठीत घेऊन मूठ सैल सोडली तर बोटांमधून ओघळतो. यात मुलं किती वेळ रमतात ते बघाच! मग चिमूटभर स्टार्च वेगळ्या बशीत घेऊन त्यावर बेटाडिनचा एक थेंब टाका. तो निळा-काळा होतो, कारण आयोडीन आणि स्टार्च भेटले की तो रंग येतोच. (ही बशी खाण्यापासून लांब ठेवा.)

आणि तो धुतलेला कीस? तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, कीस घालून मंद आचेवर झाकण, शेवटी दाण्याचं कूट, मीठ, किंचित साखर. स्टार्च निघून गेल्यामुळे कीस चिकट न होता मोकळा होतो. स्वतः किसलेलं म्हटल्यावर नको म्हणणारी मुलंही खातात.

थोरल्याला बटाट्याची बॅटरी करून द्या. एका बाजूला तांब्याची जाड तार, दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा असलेला खिळा, दोन्ही एकमेकांना न टेकता खोचायचे. एका बटाट्यातून साधारण पाऊण ते एक व्होल्ट मिळतो, म्हणून तीन-चार बटाटे एकापुढे एक तारेने जोडले तर छोटा लाल एलईडी मिणमिणतो. उकडलेले बटाटे जास्त चांगले चालतात, कारण त्यांच्यातून वीज सहज वाहते. त्याला हेही सांगा की ऊर्जा बटाट्यातून येत नाही, झिजणाऱ्या जस्तातून येते. बटाट्यातला रस फक्त वाट करून देतो. जस्त आत उतरलेलं असतं, त्यामुळे हे बटाटे नंतर कुणीही खायचे नाहीत.

संध्याकाळी हसरे चेहरे करा. तीन मध्यम बटाटे उकडून, पूर्ण गार करून किसा. त्यात तीन चमचे कॉर्नफ्लोअर, तेवढाच ब्रेडचा चुरा, मीठ, जिरेपूड घालून मळा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बरणीच्या झाकणाने गोल पाडायचे, स्ट्रॉने डोळे, चमच्याच्या कडेने तोंड. हे सगळं मुलांचं काम. तळण तुमचं, आणि तेल चांगलं तापलेलं हवं, नाहीतर चेहरे विरघळतात.

एखाद्या बटाट्याला कोंब आले असतील किंवा साल हिरवी पडली असेल तर तो स्वयंपाकात घेऊ नका. कोंबवाला बटाटा बुटांच्या खोक्यात ठेवा, मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे लावा, टोकाला एक भोक पाडा आणि झाकण बंद करा. कोंब वळणं घेत उजेडाकडे कसा जातो, ते मुलांना आठवड्यातून एकदा झाकण उघडून बघू द्या.