काकांची माटवी आणि पोल्केचे बटाटे

प्रश्न : बाई, नमस्कार. माझे काका गेल्या माघात गेले. वेंगुर्ल्याच्या घरी पडवीत बसून त्यांनी ३० वर्षं चित्रं केली, पण नुसत्या रंगांची नव्हेत. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या, जाळ्याचे तुकडे, सुंभ, तिसऱ्यांची शिंपलं, जांभ्याची भुकटी, असं काय काय फळीवर चिकटवायचे. माळ्यावर ४५ फळ्या निघाल्या. काहींना बुरशी आलीय, शिंपल्यांवर पांढरी भुकटी आहे, तीन फळ्या अर्धवट आहेत. एक लाकडी चौकट माटवीसारखी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधून टांगतात तशी आहे. तिला काका दर गणेशचतुर्थीला ताजी कवंडळं (लाल रानफळं) नि सुपारीचे घड बांधत आणि तिलाही ‘चित्र’च म्हणत. डिसेंबरात प्रदर्शन करावं असं घरात ठरतंय. भाऊ म्हणतो, सगळं ओल्या फडक्याने पुसून वार्निश मारू, अर्धवट राहिलंय ते मी पुरं करतो. माझा मुलगा २०१५ मध्ये कोलोनला शिकत होता, तेव्हा त्याने झिग्मार पोल्के या जर्मन चित्रकाराचं मरणोत्तर प्रदर्शन पाहिलं होतं. तो म्हणतो, कशालाच हात लावू नका. कुणाचं ऐकू? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मुलाचं ऐका. फक्त माटवीच्या बाबतीत त्याचंही ऐकू नका.

आधी भावाला सांगून ते वार्निश थांबवा. हे मी अनुभवाने सांगते. माझ्याबरोबर शाळेत चित्रकला शिकवणारे एक गुरुजी होते. काव (तांबडी माती), चुना आणि काजळी एवढ्यावरच त्यांचं काम चाले. ते गेल्यावर आम्हीच हौसेने प्रदर्शन मांडलं आणि चित्रं उठून दिसावीत म्हणून वार्निश दिलं. दुसऱ्या दिवशी काव काळपट, ओल्या मातीसारखी झाली होती. कावेचा कोरडेपणा हाच तर तिचा रंग, आणि तो आमच्या हातून गेला. कोरड्या रंगात शिरलेलं वार्निश परत निघत नाही. त्यांच्या पत्नी एका चित्रासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “यातली काव खंय गेली?” मला आजही त्याचं उत्तर देता येत नाही.

आता पोल्के. १९४१ चा जन्म, गाव ओल्स, जे आज पोलंडमध्ये आहे. युद्ध संपताना घरदार सोडून निघालेल्या कुटुंबातला हा मुलगा पुढे ड्युसेलडॉर्फला रंगीत काचकामाच्या कारखान्यात उमेदवारी करून मग कला अकादमीत गेला. छापील कापडावर तो चित्रं काढी. कापडाला राळ पाजून ते इतकं पारदर्शक करी, की मागची लाकडी चौकट दिसावी. उल्केची धूळ, चांदीचे क्षार, हरताळ-मनशीळ ही विषारी खनिजं, यांतलं त्याला काहीच वर्ज्य नव्हतं. १९८६ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात जर्मनीच्या दालनाची भिंत त्याने अशा द्रव्याने रंगवली, की कोरड्या हवेत ती निळी आणि दमट हवेत गुलाबी व्हावी. त्या वर्षी त्याला तिथला सुवर्णसिंह हा मानाचा पुरस्कार मिळाला. हवेला चित्रात हात घालू देणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. पावसाळ्यात आपल्या भिंती काय काय करतात, ते आपण जन्मभर बघतोच की!

तुमच्या मुलाने पाहिलं त्या प्रदर्शनाची तयारी पोल्के हयात असतानाच सुरू झाली होती. जून २०१० मध्ये तो गेला. २०१४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात उघडलं, मग लंडनला आणि शेवटी तो राहत असे त्या कोलोनमध्ये, लुडविग संग्रहालयात आलं. कामं २५० हून अधिक. म्हणजे मधे चार वर्षं गेली. तुम्ही मात्र माघात गेलेल्या माणसाचं डिसेंबरात करताय. घाई आहे असं मी म्हणणार नाही, काकूंच्या डोळ्यांदेखत व्हावं हेही खरंच.

पोल्केचं १९६७ चं एक काम आहे, ‘बटाट्याचं घर’. लाकडी पट्ट्यांची जाळी, घराच्या आकाराची, आणि तिला खोचलेले बटाटे. ते सुकतात, त्यांना कोंब येतात, म्हणून मांडताना ताजे घ्यावे लागतात. तिथे बटाटा बदलणं म्हणजे चित्रात ढवळाढवळ नव्हे, ते कामच तसं योजलेलं आहे. तुमच्या काकांची माटवी या घराची सख्खी बहीण! जे काका स्वतः दरवर्षी बदलत, ते तुम्ही बदला. जे त्यांनी वीस वर्षं तसंच राहू दिलं, त्या जाळ्याला शिवू नका. कुठलं काय, हे काकूंकडून, आणि ज्या रापणकारांकडून ते जाळं आणत त्यांच्याकडून, आत्ताच विचारून वहीत उतरवा. प्रत्येक फळीला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. मागे बॉलपेनने लिहू नका, शाई उतरते.

शिंपल्यांवरची पांढरी भुकटी बुरशी नसण्याचीच शक्यता जास्त. शिंपलं म्हणजे चुना. बंद लाकडी पेटीत लाकडाची आम्ल वाफ साठते, तिने शिंपलं झिजतं आणि वर क्षार येतात. फळ्या पेटीत असतील तर काढून मोकळ्या हवेत ठेवा, एवढ्याने झीज पुष्कळ मंदावते. खरी बुरशी असेल तर दसरा उलटून हवा कोरडी होईपर्यंत थांबा. मग अंगणात, सावलीत, नाकाला फडकं बांधून मऊ कोरड्या ब्रशने हलके झाडा. पाणी नको, ऊन नको, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं तर नकोच नको. काच लावायचीच असेल तर ती चित्राला टेकू देऊ नका.

तीन अर्धवट फळ्या अर्धवटच टांगा, पेन्सिलीच्या रेघा दिसू देत. भावाचा हात चांगला असेलही. त्याने स्वतःची फळी घ्यावी, स्वतःची सही करावी.

राहिली एक अडचण, जी मला दोन दिवस सुटली नाही. डिसेंबरात कवंडळं सहसा मिळत नाहीत. मातीची किंवा प्लॅस्टिकची करून बांधू नका एवढं नक्की. रिकामी चौकट टांगावी, की त्या महिन्यात परसात जे असेल ते बांधावं? एखाद्या वर्षी कवंडळं मिळाली नाहीत तेव्हा काका काय करत, ते काकूंना विचारा आणि मला पत्राने कळवा.